विमानाच्या कॉम्प्युटरसाठी रात्रीतून आदेश निघाला, आमच्या अंगावरच्या रेडिएशनचा आकडा कधी सांगणार?

प्रति,
मा. महासंचालक, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय (डीजीसीए), नवी दिल्ली
मा. अध्यक्ष, अणुऊर्जा नियामक मंडळ, अणुशक्तीनगर, मुंबई
आणि आपल्याकडच्या सगळ्या एअरलाइन्सच्या इनफ्लाइट, रोस्टरिंग आणि मेडिकल विभागातले साहेब आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी केबिन क्रू आहे. एकोणीस वर्षं झाली उडतेय. पहिली नऊ वर्षं डोमेस्टिक, मग लाँग हॉल आणि त्यातही बहुतेक अमेरिका. मूळची साताऱ्याची, आता अंधेरीत राहते, घरात सासूबाई, नवरा आणि पाच वर्षांची मुलगी. नाव लिहीत नाही आणि कंपनीचंही नाव घेत नाही, कारण नोकरी अजून करायचीय आणि हे पत्र कुणा एका कंपनीविरुद्ध नाहीच आहे. मराठीतच लिहितेय कारण हे सगळं माझ्या मनात मराठीतच आहे, इंग्लिशमध्ये लिहायला गेले की ते मेडिकल विभागाला पाठवलेल्या ईमेलसारखं होतं आणि त्या ईमेलना काय उत्तर येतं ते मी बघितलंय.

२८ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार. आठवतो ना? एअरबसने जाहीर केलं की सूर्याकडून येणाऱ्या तीव्र रेडिएशनमुळे ए३२० जातीच्या विमानांच्या एका फ्लाइट कंट्रोल कॉम्प्युटरमधला डेटा बिघडू शकतो. ऑक्टोबरच्या शेवटी मेक्सिकोतल्या कॅनकुनहून न्यूअर्कला निघालेल्या विमानाचं नाक अचानक खाली गेलं होतं, माणसं जखमी झाली, विमान फ्लोरिडात टॅम्पाला उतरवावं लागलं, त्याच्या तपासातून हे निघालं. जगभरातली सुमारे ६००० विमानं. आपल्याकडची तीनशेच्या वर. डीजीसीएने लगेच आदेश काढला, इंजिनिअर लोक रात्र रात्र हँगरमध्ये बसले, एकेका विमानाचं सॉफ्टवेअर बदललं, नंबर टाकून यादी झाली, कुठलं झालं कुठलं राहिलं याचा हिशोब तासातासाला. दोन-तीन दिवसांत काम आटोपलं. खरंच कौतुक वाटलं, मनापासून सांगते. आमच्या व्हॉट्सअप ग्रुपवर एका ज्युनिअर मुलीने त्या रात्री विचारलं, "मॅम, कॉम्प्युटरला जे लागतं ते आपल्याला पण लागतं का?" ग्रुपवर दोनशे माणसं आहेत. बराच वेळ कुणीच काही लिहिलं नाही.

लागतं. त्याबद्दलच हे पत्र.

तुम्हाला विज्ञान शिकवायची माझी लायकी नाही, अणुशक्तीनगरात बसणाऱ्यांना तर नाहीच, पण हे पत्र माझ्याबरोबरच्या मुलीपण वाचणार आहेत आणि त्यांना हे ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितलेलं नाही, म्हणून जरा लिहिते. अवकाशातून सतत अतिवेगवान कण येत असतात, बहुतेक प्रोटॉन, फुटलेल्या ताऱ्यांच्या अवशेषांमधून निघालेले. १९१२ साली व्हिक्टर हेस नावाचा ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ बलूनमध्ये बसून ५३०० मीटरपर्यंत वर गेला आणि त्याला दिसलं की वर जावं तसं रेडिएशन कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय, त्याला पुढे १९३६ मध्ये त्याबद्दल नोबेल मिळालं. हे कण वातावरणावर आदळतात आणि त्यातून दुसऱ्या कणांचा सडा पडतो, न्यूट्रॉन, म्यूऑन आणि बाकीचे. जमिनीवर पोचेपर्यंत हवेच्या जाड थराने बरंचसं गाळून घेतलेलं असतं. पण आम्ही ३८-४० हजार फुटांवर असतो, तिथे ती हवेची गोधडी फार पातळ राहिलेली असते. समुद्रसपाटीला या किरणांचा डोस तासाला ०.०३ मायक्रोसिव्हर्टच्या आसपास असतो (सिव्हर्ट हे शरीराला लागलेल्या रेडिएशनचं माप, १००० मायक्रोसिव्हर्ट म्हणजे १ मिलिसिव्हर्ट), आणि उत्तरेकडच्या अक्षांशावर आमच्या उडायच्या उंचीला तो तासाला ५ किंवा त्याहून जास्त जातो. म्हणजे शंभरपटीच्या वर. त्यातला निम्म्याच्या आसपास भाग न्यूट्रॉनचा, आणि न्यूट्रॉनला विमानाचा पत्रा अडवत नाही, ना युनिफॉर्म, ना सनस्क्रीन. कुणी म्हणेल नवीन विमानं कॉम्पोझिटची असतात म्हणून, तर त्यानेही काही फरक पडत नाही, हे अडवायला लागेल तेवढं वजन घेऊन विमान उडणारच नाही.

आता यातली एक गोष्ट जी मला स्वतःला फार उशिरा कळली. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हे कण वळवून लावतं, आणि ही गाळणी सगळीकडे सारखी नाही. विषुववृत्ताकडे दाट, ध्रुवांकडे जवळजवळ उघडीच. आणि भारताच्या डोक्यावर ती जगात सगळ्यात दाट आहे! साधारण १७ गिगाव्होल्टच्या (हे कणाच्या जोराचं माप) खालचे कण आपल्याकडे आत शिरूच शकत नाहीत. म्हणजे मुंबई-चेन्नई, मुंबई-कोची करणाऱ्या मुलींना मी उगाच घाबरवणार नाही, आपल्या आकाशात डोस खरंच कमी असतो. पण तीच मुलगी एक दिवस दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को किंवा शिकागोच्या फ्लाइटवर जाते, विमान उत्तरेला ६० अंश, ७० अंश अक्षांशापर्यंत, कधी त्याच्याही पुढे जातं, आणि चौदा-पंधरा-सोळा तास ती त्या उघड्या गाळणीखाली असते. त्यात भर उंचीची, तीस हजार फुटांवरून चाळीस हजारांवर गेलं की डोस साधारण दुप्पट. इंधन जळून विमान हलकं झालं की कॅप्टन वर चढतात, त्यात त्यांचं काही चुकत नाही, तेच बरोबर आहे, फक्त त्या चढण्याचा अजून एक हिशोब असतो जो कुणीच मांडत नाही.

जानेवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला उत्तर ध्रुवाच्या वाटेने सगळ्या बायकांच्या कॉकपिट क्रूने विमान आणलं तेव्हा आम्ही सगळ्याजणी रडलो होतो अक्षरशः, अभिमानाने. अजूनही तो फोटो माझ्या कपाटाच्या दाराला आतून लावलाय. आम्हाला त्या वाटा नकोत असं मुळीच नाही. आम्हाला जायचंय. फक्त जाताना काय अंगावर घेतोय ते माहीत असावं.

माझी मामेबहीण मिरजेला एका हॉस्पिटलमध्ये एक्स-रे टेक्निशियन आहे. तिच्या एप्रनला एक छोटा बॅज असतो, टीएलडी म्हणतात त्याला. दर तीन महिन्यांनी तो बॅज जातो, नवीन येतो आणि तिच्या नावाने आकडा येतो, आयुष्यभराची बेरीज मांडलेली असते. तिचा आकडा वर्षाला १ मिलिसिव्हर्टच्या खूप खाली असतो. दिवाळीला भेटलो की ती मला विचारायची, "तुझा किती गं?" आणि मी हसायचे, म्हणायचे आम्हाला कुठे बॅज, आम्ही चहा-कॉफी देतो! मी तेव्हा खरंच असं समजत होते.

मग मी स्वतः हिशोब केला. माझ्याकडे सगळ्या फ्लाइट्सच्या डायऱ्या आहेत, पहिल्या दिवसापासूनच्या, निळ्या कव्हरच्या, सेक्टर, तारीख, ब्लॉक टाइम सगळं लिहिलेलं, ही सवय वडिलांची, ते एसटीत कंडक्टर होते आणि रोजची ट्रिप लिहून ठेवायचे. अमेरिकेच्या एफएएचा, म्हणजे तिथल्या डीजीसीएसारख्या संस्थेचा, कारी नावाचा प्रोग्रॅम आहे, त्यात कुठून कुठे, कधी, किती उंचीवर, किती वेळ हे टाकलं की डोसचा अंदाज येतो. फुकट आहे. लॅपटॉपवर चालतो. माझा नवरा अकाउंट्समध्ये आहे, त्याने तीन रविवार बसून एक्सेल केलं. डोमेस्टिकच्या वर्षांचा आकडा १ मिलिसिव्हर्टच्या आसपास. अमेरिकेच्या वर्षांचा ४ च्या आसपास. हा आमचा घरगुती अंदाज आहे, उंची आम्ही सरासरी धरलीय, चूक असेल तर दुरुस्त करा, मला आनंदच होईल. पण तुमच्याकडे तर प्रत्येक विमानाचा मिनिटामिनिटाचा डेटा आहे ना. कुठे, किती उंचीवर, किती वेळ. आणि त्या विमानात कोण कोण होतं ते रोस्टरमध्ये आहे. बॅज लावायचीही गरज नाही (टीएलडी बॅज तसाही या न्यूट्रॉनसाठी नीट चालत नाही), दोन याद्या एकत्र केल्या की झालं. फ्यूएल किती किलो जळलं ते तुम्ही शेवटच्या किलोपर्यंत सांगता!

मला माहितीय तुम्ही काय म्हणाल, मेडिकलवाल्यांनी मला तोंडावर सांगितलंय, की मॅडम तुम्ही लिमिटच्या आत आहात. हो, आहे मी. आपल्याकडे रेडिएशन वर्करला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० ही मर्यादा आहे. पण ती मर्यादा रेडिएशन वर्करची आहे, ज्याची नोंद ठेवली जाते, ज्याला ट्रेनिंग दिलं जातं, ज्याचा बॅज असतो. साध्या माणसासाठी मर्यादा वर्षाला १ आहे. आता मी कोण? साधी माणूस धरलं तर मी मर्यादेच्या चौपट आहे, आणि वर्कर धरलं तर माझा बॅज कुठे, फाइल कुठे? मर्यादा सांगताना तुम्ही आम्हाला वर्करच्या रांगेत उभं करता आणि नोंद ठेवायची वेळ आली की प्रवाशांच्या रांगेत. असं दोन्हीकडून कसं चालेल?

बाहेर हे सगळं केव्हाच ठरून गेलंय. आंतरराष्ट्रीय रेडिओलॉजिकल संरक्षण आयोगाने (आयसीआरपी) १९९० सालीच सांगितलं की जेट विमानांच्या क्रूला मिळणारा डोस हा कामातून मिळणारा डोस धरा. १९९०! मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. युरोपने १९९६ च्या युरॅटॉम (युरोपची अणुऊर्जा संघटना) निर्देशात लिहून टाकलं की ज्यांना वर्षाला १ च्या वर डोस मिळू शकतो त्यांचा डोस मोजा, जास्त झालेल्यांचं रोस्टर बदला, धोका समजावून सांगा आणि गरोदर बायकांची वेगळी काळजी घ्या. जर्मनीत २००३ पासून प्रत्येक क्रूचा आकडा सरकारी रजिस्टरमध्ये जातो, हजारो पायलट आणि केबिन क्रू, सरासरी वर्षाला २ मिलिसिव्हर्टच्या आसपास, आणि रेडिएशनशी संबंध येणाऱ्या कामांमध्ये तिकडे विमानातली माणसं वरच्या नंबरात असतात. अमेरिकेत कायद्याची सक्ती नाही, पण तिथल्या एनसीआरपी या रेडिएशन संरक्षणाच्या संस्थेचा २००९ चा अहवाल आहे त्यात सरासरी दिलीय, विमानातल्या क्रूची वर्षाला ३.१, अणुवीज केंद्रांतल्या कामगारांची १.९, मेडिकलवाल्यांची ०.८. ही ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा परत परत वाचली. अणुवीज केंद्रापेक्षा जास्त. आणि आपल्या देशात याची समज कमी आहे असं तर म्हणताच येणार नाही, डॉ. होमी भाभा स्वतः कॉस्मिक किरणांचे शास्त्रज्ञ, १९४० च्या दशकात बंगळुरूला असताना त्यांनी विमानातून उपकरणं वर पाठवून हेच किरण मोजले होते, आणि कुलाब्याला त्यांनी उभी केलेली टीआयएफआर ही संशोधन संस्था माझ्या घरापासून लोकलने तासाभरावर आहे. ऊटीला त्यांच्याच लोकांचा याच किरणांवरचा ग्रेप्स-३ नावाचा केवढा मोठा प्रयोग चालू आहे. ज्या देशाने हे किरण विमानात बसून मोजले त्या देशाच्या विमानातल्या माणसांना स्वतःचा आकडा मिळू नये?

आता धोका किती, त्याबद्दल प्रामाणिकपणे लिहिते कारण या विषयात फॉरवर्ड फार फिरतात. आयसीआरपीच्या हिशोबाने १०० मिलिसिव्हर्टला कॅन्सरचा धोका साधारण अर्ध्या टक्क्याने वाढतो. म्हणजे वर्षाला ४ धरून पंचवीस वर्षं उडलं तर तेवढा. कुणाही माणसाला आयुष्यात कॅन्सर व्हायची शक्यता मुळातच याच्यापेक्षा कितीतरी मोठी असते, त्यात ही थोडी भर. म्हणून कृपया कुणी नोकरी सोडू नका आणि सुट्टीला आईवडिलांना अमेरिका दाखवायला न्यायचं रद्दही करू नका, वर्षाला एखादी ट्रिप करणाऱ्या प्रवाशाचा हा प्रश्नच नाही. आणि केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटच्या वाळूमुळे पिढ्यान् पिढ्या जास्त रेडिएशन आहे, तिथे हजारो लोकांचा अभ्यास झाला, कॅन्सर वाढलेला दिसला नाही, हेही खरं आहे आणि एका डॉक्टरांनी मला ते ऐकवलंय. मी ऐकून घेतलं. पण तिथलं रेडिएशन मुख्यतः गॅमा आहे आणि आमचं निम्मं न्यूट्रॉन. आणि तिथली माणसं रात्री झोपतात.

हे झोपेचं मी उगाच नाही लिहिलं. २०१८ च्या जूनमध्ये हार्वर्डच्या लोकांचा अभ्यास आला, अमेरिकेतल्या ५३६६ फ्लाइट अटेंडंट्सचा. बायकांमध्ये ब्रेस्ट कॅन्सरचं प्रमाण ३.४ टक्के, तेच त्या वयाच्या इतर बायकांमध्ये २.३ टक्के. त्वचेचे कॅन्सर तर बरेच जास्त. त्या अभ्यासातच म्हटलंय की हे रेडिएशनमुळेच असं सांगता येत नाही, रात्रपाळी आहे, टाइम झोन बदलून शरीराचं घड्याळ बिघडतं, पूर्वी विमानात सिगारेटचा धूर असायचा. बरोबर आहे. पण वेगळं करून सांगायचं असेल तर प्रत्येकीचा डोस माहीत हवा ना? आकडा नाही म्हणून पुरावा नाही, आणि पुरावा नाही म्हणून आकडा ठेवायची गरज नाही, या गोल गोल फिरण्यातून बाहेर कोण काढणार आम्हाला? मुंबईत तर १९६३ पासून कॅन्सरची नोंदवही आहे, देशातली पहिली. उद्या क्रूच्या डोसची नोंद झाली तर नावं न दाखवता दोन्ही जुळवून बघता येईल, खरं काय ते आपल्याच लोकांवरून कळेल, आणि काहीच निघालं नाही तर त्यापेक्षा चांगली बातमी दुसरी कुठली.

आता जे लिहायला मी आठ वर्षं घेतली ते लिहिते.

२०१८ च्या फेब्रुवारीत माझं मिसकॅरेज झालं. सातवा आठवडा. मला कळलंच मुळी सहाव्या आठवड्यात, कारण आमच्या पाळ्या तशाही पुढे-मागे होतात, प्रत्येक लाँग हॉलवालीला हे माहितीय. कळलं तसं मी कंपनीला सांगितलं आणि मला ग्राउंड केलं, नियमाप्रमाणे. पण त्याच्या आधीच्या सहा आठवड्यांत मी अमेरिकेच्या तीन राउंड ट्रिप केल्या होत्या. सहा सेक्टर. प्रत्येक सेक्टरचे ०.०७ ते ०.०८ मिलिसिव्हर्ट धरले तर ०.४ च्या वर. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. अमेरिकेच्या नायोश या सरकारी संस्थेने २०१५ मध्ये अभ्यास छापला होता की पहिल्या तीन महिन्यांत ०.३६ किंवा त्याहून जास्त डोस आणि घरच्या झोपेच्या वेळेत १५ तासांहून जास्त ड्यूटी, याचा मिसकॅरेजशी संबंध असू शकतो. हे मी कधी वाचलं? २०१८ च्या जुलैमध्ये, घरी बसून, ते हार्वर्डचं बातमीत आलं म्हणून शोधता शोधता.

माझं मिसकॅरेज त्यामुळेच झालं असं मी म्हणत नाही. माझ्या डॉक्टर म्हणाल्या की पहिल्या तिमाहीत खूप जणींचं होतं, बहुतेक वेळा गर्भातच दोष असतो, तुझ्या हातात काही नव्हतं. मी ते मान्य केलंय. पण हॉस्पिटलच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता, "कामाच्या ठिकाणी रेडिएशनशी संबंध येतो का?", आणि मी तिथे "नाही" वर टिक केली होती. पेन माझ्याच हातात होतं. अकरा वर्षं उडत होते मी तेव्हा, आणि मला खरंच वाटत होतं की उत्तर नाही आहे. डॉक्टरांनी तो फॉर्म बघून पुढचे प्रश्न विचारलेच नाहीत. ती टिक मला अजून दिसते.

मुलीच्या वेळी मी आधीच सहा महिने बिनपगारी रजा टाकली. घराचा हप्ता नवऱ्याने एकट्याने ओढला. आमच्या पगारात फ्लाइंग अलाउन्स हा केवढा भाग असतो ते तुम्हाला माहितीय, जमिनीवर बसलं की निम्मं घर थांबतं. सगळ्याजणींना हे परवडत नाही. म्हणून मुली लपवतात, शक्य तितके दिवस. यात कुणाला दोष द्यायचा? गरोदर आहे हे कळल्यावर ग्राउंड करणं चांगलंच आहे, पण जे सगळ्यात नाजूक आठवडे असतात ते कळायच्या आधीच उडून गेलेले असतात. आयसीआरपी म्हणतं की गरोदरपण कळवल्यावर पुढच्या काळात पोटातल्या बाळाला १ च्या वर डोस मिळू नये. त्यासाठी आधी किती झाला ते तरी माहीत पाहिजे.

म्हणून माझी पहिली मागणी साधी आहे, दर महिन्याला फ्लाइंग अवर्सच्या शेजारी अजून एक ओळ द्या, या महिन्याचा डोस, या वर्षाचा, आणि नोकरीला लागल्यापासूनचा. कंपनी बदलली तरी आकडा आमच्याबरोबर यावा, रिटायर झाल्यावरही मिळावा. डीजीसीएने वर्षाला १००० तासांची मर्यादा घातली, ती कंपन्या पाळतात कारण तो आकडा मोजला जातो. पण माझे दुबई-सिंगापूरचे १००० तास आणि माझ्या मैत्रिणीचे न्यूयॉर्क-टोरोंटोचे १००० तास हे तुमच्या कागदावर सारखे आहेत, शरीरावर सारखे नाहीत. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश बंद असल्यामुळे पश्चिमेकडच्या फ्लाइट्सचे तास अजून लांबलेत, ते वेगळंच.

दुसरं म्हणजे जी मुलगी सांगेल की आम्ही बाळाचा विचार करतोय, तिला त्या काळापुरतं छोट्या आणि दक्षिणेकडच्या सेक्टरवर टाका, कारण न विचारता आणि अलाउन्स न कापता. आपल्या आकाशाची ती दाट गाळणी आपल्याला फुकट मिळालेली आहे, जर्मनीवाल्यांना नाही मिळालेली, तिचा उपयोग तरी करा. रोस्टरिंगवाले म्हणतील अवघड आहे. अहो, रोस्टरिंगवाले क्रिकेटच्या मॅचसाठी चार्टर आला तर दोन तासांत शंभर माणसं हलवतात, मी बघितलंय.

ट्रेनिंगचंही बघा. दर वर्षी रिकरंट ट्रेनिंगला आम्ही स्लाइडवरून उड्या मारतो, आग विझवतो, पाण्यात राफ्ट उघडतो, आणि हे सगळं हवंच. त्यात एक तास या विषयाला द्या. पॉवरपॉइंट नको, कुणीतरी जाणकार माणूस पाठवा जो प्रश्न घेईल. आमच्या मुलींना प्रश्न आहेत, खूप आहेत, त्या ते गूगलला विचारतात आणि मग रात्री दोन वाजता मला फोन करतात.

आणि सौर वादळांचं. सूर्यावर मोठा स्फोट झाला की काही तासांसाठी उत्तरेकडच्या मार्गांवर डोस एकदम चढू शकतो. २८ ऑक्टोबर २००३ ला एफएएने २५ हजार फुटांच्या वर उडणाऱ्या विमानांना पहिल्यांदा रेडिएशनची सूचना दिली होती. २०१९ च्या नोव्हेंबरपासून तर आयसीएओची (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना) स्पेस वेदरची, म्हणजे सौर वादळांची, सूचनाव्यवस्था आहे, ती डिस्पॅचला जाते, कॉकपिटला जाते. मागे गॅलीत उभ्या असलेल्यांना कळतच नाही. १० मे २०२४ च्या रात्री लडाखमध्ये हानलेहून आकाश लाल दिसलं एवढं मोठं वादळ होतं, त्या वेळी जे जे उत्तरेला होते त्यांना नंतर कुणी सांगितलं का की तुमच्या त्या फ्लाइटचा हिशोब असा असा झाला? कदाचित काहीच विशेष झालेलं नसेल. मग तसंच सांगा, दोन ओळींत, आम्ही शांत झोपू. नियम असा आहे की ४९ हजार फुटांच्या वर उडणाऱ्या विमानात कॉस्मिक रेडिएशन मोजायचं उपकरण लागतं, कॉन्कॉर्डमध्ये असायचं. आम्ही ४१ हजारांवर असतो म्हणून उपकरण नाही, ठीक आहे. पण निदान हिशोब?

हे आत्ताच का, असं विचारलंत तर त्यालाही कारण आहे. सूर्य जोरात असतो तेव्हा त्याचं चुंबकीय वारं बाहेरून येणाऱ्या या कणांना थोडंफार अडवतं, आणि सूर्य शांत झाला की ते जास्त येतात. आत्ताच्या सौरचक्राचा जोर २०२४ मध्ये होऊन गेला. म्हणजे आता इथून पुढे २०३० च्या आसपासपर्यंत आमचा रोजचा डोस हळूहळू वाढतच जाणार आहे, आणि याच वर्षांत आपल्या कंपन्यांची नवीन मोठी विमानं येणार, नवीन लांबचे रूट सुरू होणार, वीस-एकवीस वर्षांच्या शेकडो मुली भरती होणार. साताऱ्याच्या, नांदेडच्या, अकोल्याच्या मुली. त्यांच्या पहिल्या दिवसापासून नोंद सुरू करता येईल. आमची मागची वर्षं राहिलीच, पण रोस्टर तर कंपन्यांकडे असतीलच, मागचाही हिशोब काढता येईल मनात आणलं तर. कुणाचे रेकॉर्ड हरवले असतील तर माझ्या एकोणीस डायऱ्या आहेत, मी स्वतः घेऊन अणुशक्तीनगरला येईन, सोबत एक्सेलची फाइलपण देते.

येत्या ऑगस्टमध्ये माझं मेडिकल आहे. आता फॅमिली डॉक्टरांच्या फॉर्मपासून इन्शुरन्सच्या फॉर्मपर्यंत जिथे जिथे तो रेडिएशनचा रकाना येतो तिथे मी "हो" लिहिते. त्याच्या खाली बहुतेक ठिकाणी विचारलेलं असतं, "असल्यास किती?" तिथे काय लिहायचं ते मला ऑगस्टच्या आधी कळवा.

आपली,
एक सीनिअर केबिन क्रू
अंधेरी, मुंबई